तारीख नसलेला मृत्यू

धर्मग्रामाच्या कार्यालयातील कपाटात ज्या जाड पुठ्ठ्याच्या नोंदवह्या असतात, त्यांत मृत्यूची नोंदवही सर्वांत अबोल. बाप्तिस्म्याच्या वहीत आईबाप, धर्ममातापिता अशी नावांची दाटी असते. लग्नाच्या वहीत साक्षीदारांच्या सह्यांसह दोन घराणी उभी राहतात. मृत्यूच्या ओळीत मात्र नाव, वय, कारण, तारीख आणि दफनाची जागा, की ओळ संपली. यांपैकी इतर एखादा रकाना रिकामा राहिला तरी चालून जाते. तारखेचा राहू शकत नाही, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

किनाऱ्यालगतच्या एका धर्मग्रामात मी होतो तेव्हाची गोष्ट. एक तरुण मच्छीमार रात्री लहान होडी घेऊन एकटाच गेला, तो परत आला नाही. होडी सापडली नाही, जाळे सापडले नाही, देह तर नाहीच. सहा वर्षांनी त्याची पत्नी माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “फादर, मी सवाष्ण की विधवा, एवढंच मला सांगा.” तिची सासू बाहेर ओट्यावर उभी होती, आत यायला तयार नव्हती. “माझा लेक कुठच्या तरी बंदराला लागला असंल,” असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १७०७ वे कलम अशा प्रसंगासाठीच आहे. साक्षी, वदंता, खाणाखुणा या सर्वांचा शोध घेऊन मृत्यूबद्दल नैतिक निश्चिती झाली, तरच बिशपांनी तो गृहीत धरल्याचे जाहीर करावे. केवळ दीर्घकाळ बेपत्ता असणे पुरेसे नाही, असे ते सांगते. सेमिनरीत हे कलम मी परीक्षेपुरते पाठ केले होते. ते किती जड आहे, हे त्या दिवशी कळले.

आफ्रिकेतील काळ्या गेंड्याविषयी वाचताना हा प्रसंग मला पुन्हा आठवला. या गेंड्याची पश्चिमेकडील उपजाती २०११ साली नष्ट झाल्याचे जाहीर झाले. शेवटचा प्राणी कोणत्या वर्षी, कोणत्या झुडपाआड, कोणाच्या गोळीने की म्हातारपणाने गेला, हे कोणालाच सांगता येत नाही. एक अख्खा वंश गेला आणि तारखेचा रकाना कोरा राहिला.

काळा गेंडा काळा नसतो. आफ्रिकेतच राहणारा त्याचा भाऊबंद, पांढरा गेंडा, पांढरा नसतो. दोघेही राखाडी, आणि ज्या चिखलात लोळतील त्या चिखलाच्या रंगाचे. खरा फरक ओठात. पांढऱ्याचा ओठ रुंद, सपाट, गवत कापायला सोयीचा. काळ्याचा वरचा ओठ बोटासारखा पुढे आलेला. काटेरी झुडपांची पाने आणि डहाळ्या तो त्या ओठाने अलगद वेचून खातो. डोळ्यांनी अधू, पण कान आणि नाक तिखट. पाठीवर गोचिड्या टिपणारे पक्षी बसतात. त्यांना स्वाहिली भाषेत गेंड्याचा पहारेकरी अशा अर्थाचे नाव आहे. माणूस जवळ येऊ लागला की त्या पक्ष्यांच्या ओरडण्याने गेंडा सावध होतो, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. स्वाहिली बोलणाऱ्यांनी ते आधीच नावात नोंदवून ठेवले होते.

नावाचीच गोष्ट निघाली आहे तर मुळापासून सांगतो. या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले लिनिअसने, १७५८ साली. दोन शिंगांचा म्हणून ‘बायकॉर्निस’. गंमत अशी की त्याने त्याचे वसतिस्थान लिहिले भारत! आपल्याकडचा गेंडा तर एकशिंगी. अभ्यासकांचा तर्क असा, की एखाद्या संग्राहकाने भारतीय गेंड्याच्या कवटीवर दुसरे शिंग चिकटवले असावे आणि तशा कवटीच्या आधारे हे नाव पडले असावे. पुढे आफ्रिकेच्या दुशिंगी गेंड्याला ते नाव चिकटले आणि १९११ साली दक्षिण आफ्रिकेतील केप ऑफ गुड होप हे त्याचे मूळ ठिकाण म्हणून ठरवण्यात आले. म्हणजे एका संशयास्पद कवटीवरून आलेले नाव एका खऱ्याखुऱ्या प्राण्याच्या वाट्याला आले.

या जातीच्या उपजाती किती? (‘उपजात’ हा शब्द आपल्या कानांवर निराळ्याच अर्थाने आदळतो, आणि त्याने आपल्या समाजाचे जे करून ठेवले आहे ते आठवून मन चरकते, पण प्राणिशास्त्रात दुसरा सोयीचा शब्द नाही.) २०११ सालीच ग्रोव्ह्‌ज आणि ग्रब या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी आठ उपजाती मानल्या. त्यांपैकी तीन नष्ट: केपच्या परिसरातील दक्षिणेकडची, जी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपली; इथिओपिया, सोमालिया या ईशान्य भागातील, जी विसाव्या शतकाच्या आरंभी गेली; आणि तिसरी ही पश्चिमेची. पण आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ चारच उपजाती धरतो, आणि त्याच्या हिशेबी नष्ट झाली ती फक्त एक. मग केपचा गेंडा? संघाच्या मांडणीप्रमाणे नामिबियाच्या रखरखीत प्रदेशात आज फिरणारे गेंडे त्याच उपजातीचे. तेव्हा ती संपलेली नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे लागते. तोच प्राणी एका मोजणीने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी नष्ट झाला आणि दुसऱ्या मोजणीने आजही झुडपे चरत आहे. मग नष्ट झाले ते काय? मृत्यू वस्तुस्थितीत असतो की वहीत?

तत्त्वज्ञानाच्या तासाला ओकहॅमचा विल्यम शिकताना आम्हाला त्याची बाजू पटकन पटायची. जगात आहेत ते हा गेंडा, तो गेंडा. ‘गेंडेपण’ नावाची वस्तू कोणी कधी पाहिली नाही. जाती म्हणजे मनाने केलेल्या जुड्या. ही बाजू लावून धरली, तर पश्चिमेच्या उपजातीबद्दल हळहळण्याचे कारणच उरत नाही. प्रत्येक गेंडा मरणारच होता. पाच मेले, पन्नास मेले, पाच हजार मेले. ‘उपजात’ मेली हे आपले बोलणे. थॉमस अक्वायनस दुसऱ्या बाजूने विचार करतो. नाशवंत जीवांत एकेक जीव येतो आणि जातो. निसर्गाचा रोख असतो तो जात टिकण्यावर. आणि जाती अनेक का, तर देवाचे चांगुलपण कोणत्याही एका निर्मितीत मावत नाही. एकीत जे उणे, ते दुसरी दाखवते. या विचाराची भव्यता मला आजही जाणवते. परंतु माणसाच्या हातून एखादी जात कायमची पुसली जाऊ शकेल, ही शंका त्याच्या मनात यायला त्या काळी आधार नव्हता. जीवांच्या जाती समूळ नष्ट होतात, हे पुराव्यानिशी मांडायला क्यूव्हिए यावा लागला, तोही १७९६ साली. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे तयार उत्तर त्या थोर पानांत शोधणे हा त्यांच्यावर अन्यायच.

तेव्हा कॅमेरूनमध्ये काय घडले तेच पाहू.

पश्चिमेच्या उपजातीला झुकॉव्स्की नावाच्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १९४९ साली ‘लाँगिपेस’, म्हणजे लांब पायांची, असे नाव दिले. १९८० च्या सुमारास कॅमेरूनमध्ये एकशेदहा आणि शेजारच्या चाडमध्ये पंचवीसच्या आसपास गेंडे उरले होते. शिंगांसाठी शिकार होत राहिली. चाडमधले संपले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर कॅमेरूनमध्ये दहाएक उरले, आणि तेही अफाट प्रदेशात एकमेकांपासून दूर विखुरलेले. नराला मादी भेटायची तर कशी? त्यांना पकडून एका जागी आणावे, चोवीस तास पहारा ठेवावा, अशा योजनांवर विचार होत राहिला. खर्च मोठा, प्राणी मोजके, परिस्थिती अस्थिर. विचार होतच राहिला. २००१ साली पाच गेंड्यांची खात्री देता येत होती. मग अचानक बातमी आली, की जवळजवळ तीस गेंडे शिल्लक आहेत.

ती बातमी खोटी निघाली. माग काढणाऱ्या माणसांनी गेंड्याच्या पावलांचे ठसे बनावट तयार केले होते. गेंडे आहेत तोवर त्यांच्या मागावर राहण्याची नोकरी आहे. गेंडे संपले की पगार संपला. म्हणून मेलेल्या प्राण्याला ते जमिनीवर चालवत राहिले. त्यानंतर पशुवैद्यांच्या एका पथकाने महिनोन्‌महिने त्या भागात शोध घेतला, अडीच हजार किलोमीटरची गस्त घातली. एकही गेंडा नाही, एकही खरी खूण नाही. २००६ साली ही उपजाती बहुधा संपली असे सांगण्यात आले आणि २०११ साली ते अधिकृतपणे जाहीर झाले.

त्या बनावट ठशांची हकिकत प्रथम वाचली तेव्हा मला संताप आला. मग त्या संतापाचीच मला शंका येऊ लागली. त्या माणसांनी गेंडा मारला नव्हता. पापनिवेदनाला कोणी असा माणूस आला असता आणि म्हणाला असता, फादर, घरी खाणारी तोंडे आठ, नोकरी एक, म्हणून मातीत खोटी पावले उमटवली, तर मी त्याला काय म्हणालो असतो? खोटे ते खोटेच, यात संशय नाही. त्या खोटेपणाने शोधाची वर्षे वाया गेली. कुठे एखादा जीव खरोखरच उरला असेल तर त्याचीही संधी गेली. तरीही अपराधाचे ओझे तराजूत घालायचे तर दुसऱ्या पारड्यात कोण कोण बसते? बंदूक चालवणारा, त्याच्याकडून शिंग घेणारा दलाल, आणि दूरच्या शहरातील तो सभ्य ग्राहक, ज्याने गेंडा कधी पाहिलाही नाही. १९७० च्या दशकात येमेनी तरुण सौदी अरेबियात कामाला जाऊन पैसा मिळवू लागले आणि मानाच्या जांबियाला गेंड्याच्या शिंगाची मूठ हवी, ही हौस बड्यांपुरती न राहता अनेकांच्या आवाक्यात आली. पूर्वेकडे ते शिंग औषध म्हणून उगाळले जात होते. चीनने १९९३ साली त्या व्यापारावर बंदी घातली. १९७७ सालापासून आंतरराष्ट्रीय करारानेही तो निषिद्धच होता. शिंग म्हणजे काय, तर आपल्या नखांत आणि केसांत असतो तोच पदार्थ. काळ्या गेंड्याची संख्या १९७० साली सुमारे पासष्ट हजार होती. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ती अडीच हजारांच्याही खाली गेली. ही माणसे एकमेकांना ओळखतही नव्हती, आणि प्रत्येकाचा वाटा एका मुठीएवढा, एका पुडीएवढा. आमच्या नीतिशास्त्राची जुनी पुस्तके दुसऱ्याच्या पापातील सहभागाचे बारकावे सांगतात: जवळचा, दूरचा, हेतुपूर्वक, अजाणता. दूरचा सहभाग म्हणजे हलका सहभाग, असे आम्ही सहज समजून चालतो. इथे सर्वांत दूर जो बसला होता त्याच्यावाचून हे काहीच घडले नसते.

कॅमेरूनच्या त्या माणसांच्या जोडीला नामिबियातली माणसे ठेवून पाहावीशी वाटतात. तेथील वायव्य वाळवंटी भागात १९८० च्या दशकाच्या आरंभी गेंड्यांची शिकार बेसुमार झाली, तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ या निसर्गसंरक्षकाने गावोगावच्या प्रमुखांना विनंती केली, की राखणदार तुम्ही निवडा, तुमच्यातले निवडा. ज्यांना जनावराचा माग काढता येतो असे लोक नेमले गेले. त्यांत पूर्वी चोरटी शिकार केलेलेही होते. ते उत्तरदायी होते स्वतःच्या गावाला, जिथे खोटे ठसे आठवडाभरसुद्धा टिकले नसते. त्या प्रदेशात काळे गेंडे आज कुंपणाशिवाय फिरतात. माणसे येथील चांगली आणि तेथील वाईट, असे मी मुळीच म्हणत नाही. भूक दोन्हीकडे सारखीच होती.

वाचलेल्यांची गोष्टही निर्मळ नाही. आज सर्व उपजाती मिळून काळे गेंडे सहा हजारांवर आहेत. त्यासाठी काय काय करावे लागले! नामिबियाने १९८९ साली गेंड्यांची शिंगे कापायला सुरुवात केली. शिंगच नाही तर शिकारी येईल कशाला? बेशुद्ध करून करवतीने कापतात, दुखत नाही, पुन्हा वाढते, पुन्हा कापतात. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर परिसरात शिंगे कापल्यावर चोरटी शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटली. मात्र शिंग गेलेला काळा गेंडा पूर्वीच्या जवळपास निम्म्याच प्रदेशात वावरतो आणि इतर गेंड्यांच्या वाटेला कमी जातो, असेही दुसऱ्या एका अभ्यासाने २०२३ साली दाखवले. जिवंत राहावा म्हणून त्याच्या गेंडेपणातले काही आपण काढून घेतो. मला हे मान्य आहे, पण ते मान्य करताना डॉक्टरने अवयव कापताना असावी तशी मान खाली असावी.

शिकारीच्या परवान्याचे मात्र मला पटत नाही. २००४ साली आंतरराष्ट्रीय कराराखाली नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका यांना वर्षाला प्रत्येकी पाच नर मारू देण्याची मुभा मिळाली. २०१४ साली अमेरिकेतील डॅलस येथे अशा एका परवान्याचा लिलाव साडेतीन लाख डॉलरना झाला आणि पुढच्या वर्षी तो नर मारला गेला. युक्तिवाद असा, की म्हातारा नर प्रजननाला निरुपयोगी असतो, तरुणांना मारतो, आणि मिळालेला पैसा संरक्षणाच्या कामी येतो. हिशेब चुकीचा आहे असे मला सिद्ध करता येणार नाही. पण मारण्याचा आनंद विकून जगण्याची तरतूद करायची, यातल्या आनंदाची किंमत कोणत्या रकान्यात धरली आहे? गेंडा संकटात आला तो त्याच आनंदाने, त्याच मालकीच्या हौसेने. ज्यांना हे मत भाबडे वाटेल त्यांनी खुशाल तसे म्हणावे. नामिबियातील ज्या गावांचे पोट या व्यवस्थेवर आहे त्यांच्यासमोर उभे राहून ते सांगताना माझा आवाज इतका ठाम राहणार नाही, हेही कबूल करतो.

आता पुन्हा त्या जुन्या प्रश्नाकडे, उपजात हे नुसते नाव की आणखी काही. चाडमधले गेंडे केव्हाच संपले होते. २०१८ सालच्या मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेहून सहा काळे गेंडे विमानाने चाडच्या झाकौमा राष्ट्रीय उद्यानात आणले गेले. अनेक वर्षांनंतर गेंडा परतला, म्हणून आनंद झाला. पण परतला कोण? पश्चिमेचा लांब पायांचा तो उरलाच नव्हता; हे दक्षिणेचे पाहुणे. ओकहॅमचा अनुयायी म्हणाला असता, गेंडा तो गेंडा, नावात काय आहे? वर्ष संपण्यापूर्वीच सहापैकी चार मेले. कोणी मारले नाहीत, साथ आली नाही. नव्या प्रदेशाशी त्यांचे जुळले नाही. अंगावरची चरबी झडत गेली आणि ते खंगून गेले.

यावरून उपजातींची मोजणी बरोबर ठरते असे मी म्हणणार नाही. कदाचित त्या सहांना फक्त वेळ कमी पडला असेल. एखादे वासरू आईच्या मागे फिरत जे शिकते ते त्यांना तेथे शिकवणारे कोणी नव्हते. पण तेच तर लाँगिपेसजवळ होते. कोणत्या महिन्यात कोणते झुडूप, उन्हाळ्यात पाणी कुठे, कोणते पान कडू: हजारो वर्षे त्या भूमीने त्या देहांना आणि त्या देहांनी त्या भूमीला घडवले होते. वहीत आपण त्याला एक लॅटिन शब्द दिला. तो शब्द आठांतला एक असेल किंवा चारांतला एक. त्याच्या मागे जे होते ते कवटीवर चिकटवलेले शिंग खचित नव्हते. शास्त्रज्ञांनी २०१७ साली संग्रहालयांतील जुन्या कातड्या-हाडांचे नमुने आणि आजचे गेंडे ताडून पाहिले, तेव्हा आईकडून येणाऱ्या वंशसूत्रांतील ६९ टक्के विविधता गेलेली आढळली. संख्या वाढवता येते, वाढतेही आहे. हे ६९ टक्के कोणत्याही लिलावाच्या पैशाने परत येणार नाहीत.

त्या तरुण बाईच्या बाबतीत बिशपांच्या कार्यालयातून निर्णय यायला आणखी दोन वर्षे लागली. तोपर्यंत अनेकांच्या साक्षी घेतल्या. एका खलाश्याने दूरच्या बंदरात त्याला पाहिल्याचे सांगितले होते. ते खोटे होते, सासूला बरे वाटावे म्हणून सांगितलेले. मी त्याच्यावर रागावलो नाही, आणि रागवायला हवे होते की काय हे मला अजून ठरवता आलेले नाही. निर्णय आला त्या दिवशी मी नोंदवही उघडली आणि तारखेच्या रकान्यापाशी बराच वेळ बसलो. शेवटी तेथे निर्णयाची तारीख घातली. ती त्याच्या मृत्यूची नव्हे, आम्ही शोध थांबवल्याची तारीख. लाँगिपेसपुढे २०११ लिहितात ते याच अर्थाने.

झाकौमात उरलेल्या दोघी माद्या होत्या. पाच वर्षांहून अधिक काळ त्या विस्तीर्ण उद्यानात त्या दोघीच त्यांच्या जातीच्या. त्या जगल्या, तेथील झुडपे त्यांनी हळूहळू ओळखीची करून घेतली. २०२३ सालच्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेहून आणखी पाच गेंडे तेथे नेण्यात आले. काळ्या गेंड्याची मादी सुमारे पंधरा महिने पोटात वासरू वागवते, आणि एका वेळी एकच.